काठाकडची ऊब

कांताबाईने पडदा हातभर सारला, डोकं बाहेर काढलं आणि आवाज न चढवता विचारलं, "भाऊ, बाईच्या मांडीले भाजलं कवा?"

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात दर शनिवारी सकाळी चंद्रभान बायकोला आत सोडून याच बाकावर बसायचा. समोरच्या कॅलेंडरमधलं गुबगुबीत बाळ आता त्याच्या ओळखीचं झालं होतं. पडद्याआडून कांताबाईच्या बांगड्या वाजायच्या, तेलाची बाटली टक् करून टेबलावर बसायची, आणि मग "सोडा बाई, सैल सोडा हात" असं सुरू व्हायचं. लकवा मारलेल्या माणसांना मालिश करून त्यांच्याकडून व्यायाम करून घेणारी ही कांताबाई मनगटाने पैलवान आणि जिभेने फटकळ. आज तिचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणानेच चंद्रभान सावध झाला. "भाजलं? कुणाले?" तो म्हणाला. कांताबाईने शेंबड्या पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. "तुमच्या बाईले, अजून कुणाले? आज पाय चोळाले घेतला तं दिसलं, डाव्या मांडीच्या मांगं बोटभर रुंद पट्टा उठला आहे. जुना फोड सुकला, त्याच्यावर नवा आला. घरी शेक-गिक देता का काही?" चंद्रभानने नाही म्हणून मान हलवली, मग हो म्हणून हलवली. "तिकडून गरम-थंड समजत नाही ना तिले," कांताबाई म्हणाली. "नुसत्या हाताचं नाही, अख्ख्या डाव्या अंगाचं. डाक्टरनं सांगतलं नव्हतं का?" आणि मलम आणायला ती आत गेली.

सांगितलं होतं. श्रावणात प्रेमिलाला घेऊन तो पहिल्यांदा इथे आला तेव्हा डॉक्टरांनी तिच्या डाव्या तळव्यावर कापूस फिरवला होता, सुई टोचली होती, काहीतरी सांगितलंही होतं. चंद्रभानने ऐकलं ते हाताचं. हातच गेला होता ना! भाकरी थापता थापता प्रेमिलाचा डावा हात परातीत पडला तो पडलाच, आणि पिठाने भरलेल्या त्या हाताकडे ती दुसऱ्या कुणाचा तरी असावा तशी बघत राहिली. नंतर पायाने थोडीफार साथ दिली, जीभ पुन्हा सुटली, वाकडं झालेलं तोंड जागेवर आलं, पण हात मूठ वळून छातीशी बसला. घरात, शेजारात, सावनेरला दिलेल्या लेकीच्या घरी, जो तो हाताचंच विचारायचा. आता कसा आहे हात? उघडते का मूठ? बाकीच्या डाव्या अंगाची चौकशी कुणी केली नाही आणि चंद्रभाननेही केली नाही. खापरखेड्याच्या वीजघरात तो बोर्डावर बसायचा. समोर काटेच काटे. कुठला काटा किती सरकला की काय करायचं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. घरी काटे नव्हते. घरी तो प्रेमिलाला विचारायचा, "बरं आहे?" ती म्हणायची, "बरं आहे." हाच त्याचा काटा, आणि तो विश्वासाने वाचून तो निश्चिंत व्हायचा. कॉलनीतल्या बाया म्हणत, चंद्रभानजी बायकोले तळहाताच्या फोडासारखं जपतात. ते आठवून त्याला आता बाकावर बसवेना. तो उठला आणि बाहेर गाडीकडे गेला.

गाडी कडुनिंबाखाली उभी होती. आभाळ मावठाचं होतं, संक्रांत होऊन गेली तरी वारा कानाला झोंबत होता. गाडी म्हणजे जुनी लँडमास्टर मोटार. वीजघरातले एक इंजिनियर साहेब बदलून गेले तेव्हा "चंद्रभान, हा हत्ती तूच पोस" म्हणून जवळजवळ त्याच्या दारातच बांधून गेले होते. तिच्या दोन काचा पूर्ण वर येत नव्हत्या, आणि पायाखालच्या पत्र्यातून रस्ता दिसायचा. पण पुढची बैठक एकसंध, देवळातल्या ओट्यासारखी लांबरुंद, आणि त्या बैठकीवर प्रेमिला डाव्या दाराशी बसली की चंद्रभानला आपण मोठे लोक झाल्यासारखं वाटायचं. भादव्यात, आश्विनात ती आनंदाने आली. मग मार्गशीर्ष लागला. कोलारच्या पुलावर वारा नदीचा गारवा घेऊन फटींतून आत यायचा, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं अंग लाकूड झालेलं असायचं, मूठ आणखी वळलेली. कांताबाईची अर्धी मेहनत ती थंडी उतरवण्यातच जायची. एका शनिवारी प्रेमिला दारातच थांबली. "मले नका नेऊ. उन्हाळ्यात पाहू," ती म्हणाली. डॉक्टरांनी तर बजावलं होतं की हा हिवाळा वाया घालवू नका. जे सुटायचं ते आता सुटेल, नाहीतर हात असाच राहील. चंद्रभानने समजावलं, चिडून बघितलं, लेकीकडून निरोप आणवला. प्रेमिला ढिम्म हलली नाही. तेव्हा त्याला साहेबांचं एक बोलणं आठवलं. विलायतेत म्हणे काही मोटारींच्या बैठका विजेने तापतात, बर्फात माणूस चुलीपुढे बसल्यासारखा बसतो. तेव्हा तो हसला होता. ज्याच्या डोक्यावरून आयुष्यभर वीज वाहत गेली त्याने बायकोच्या बुडाखाली थोडी नेली तर कुणाचं काय बिघडतं?

खर्च असा काही नव्हताच. विजेच्या शेगडीची जळालेली स्प्रिंग घरात होती. ती ओढून सरळ केली, मोजून तुकडे केले, बॅटरीच्या जोराला झेपतील असे एकमेकांशेजारी जोडायचे ठरवले. अडलं ते कापडावर. तार गोधडीत शिवली तर सरकायची, एका जागी गोळा व्हायची. मग त्याला वाटलं, शिवायची कशाला? विणायचीच. प्रेमिलाचं माहेर गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत, तिथे तिचा थोरला भाऊ दादाजी अजूनही हातमागावर बसत होता. गल्लीतले माग एकेक करून थंड पडले होते, पोरं कुणी गिरणीत तर कुणी दुकानात लागली होती, दादाजी मात्र खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि नऊवारी पातळं काढायचा. त्याने तार बोटावर गुंडाळून बघितली, वास घेतला. "जवाईबापू, हे सूत तं लई हट्टी आहे," तो म्हणाला. "पण बहिणीसाठी म्हणता तं काहून नाही निघणार?" आणि निघालं. जाड पांढऱ्या सुताची हातभर रुंद पट्टी, तिच्या पोटात तार अशी बेमालूम बसलेली की बोटांना लागू नये. एका बाजूने तारांची टोकं बाहेर काढायची होती, तिकडे कापड सैल होतं. दुसऱ्या बाजूला जिथे तार वळून परत फिरायची तिथे दादाजीने लाल काठ काढला होता, दोन बोटांचा, ठसठशीत. कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीला कापड द्यायचं आणि काठाशिवाय? त्याने पट्टी धुतलीही नव्हती, लेकीबाळीला कोरंच द्यायचं म्हणून, खळीसकट, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून. "काठ पाहा कसा आवळला आहे," निघताना तो म्हणाला. "कापड फाटन, पण काठ हालणार नाही." चंद्रभानने ती पट्टी बैठकीवर प्रेमिलाच्या जागेवर अंथरून नाड्यांनी खालून बांधली. टोकं मधल्या अंगाला, काठ दाराच्या अंगाला. बटण स्टिअरिंगजवळ आपल्या हाताशी अडकवलं, तिला त्रास नको म्हणून. गाडी सुरू केली, थोडा वेळ जाऊ दिला, आणि मधोमध तळवा टेकवून बघितला. मांजराच्या पोटासारखी ऊब होती. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला.

प्रेमिला पहिल्यांदा बसली ती त्याचं मन राखायला. मानकापूर येईपर्यंत काही बोलली नाही. मग तिने डोळे मिटले, मान मागे टेकली आणि एक लांब श्वास घेतला. "कसं आहे?" त्याने विचारलं. "छान आहे," ती म्हणाली. "लई छान आहे." लकवा मारल्यापासून या बाईच्या तोंडून 'लई' हा शब्द त्याने ऐकला नव्हता. त्या शनिवारपासून ती आपणहून तयार होऊन बसू लागली, आणि गाडीत बोलू लागली. घरात दोघांचं बोलणं औषध, पाणी आणि जेवण यावर येऊन ठेपलं होतं. गाडीत ती माहेरच्या गोष्टी काढायची. आई भाताची खळ कशी शिजवायची, ती सुताला लावून उभ्या धाग्यांचा ताणा गल्लीभर कसा पसरायची, मधून सायकलवाला गेला तर बाबा कसे धोतर खोचून धावायचे. डोळे मिटून बोलायची, हसायची. एका चक्करीत तर मुठीतला अंगठा थोडा सुटला, कांताबाईने त्याला बोलावून दाखवला. चंद्रभानला वाटलं, ही आपल्या पट्टीची करामत. पुलावर गारवा आला की तो रुबाबात विचारायचा, "आता कसं?" ती म्हणायची, "मस्त." बोर्डावरचा काटा जागेवर होता.

आता तो गाडीत शिरला तो तिच्या बाजूने. आजवर या जागेवर तो कधी बसलाच नव्हता. किल्ली फिरवली, हात लांब करून बटण दाबलं, इंजिन बंदच ठेवलं आणि तिच्यासारखी मान मागे टेकली. आधी काहीच झालं नाही. कडुनिंबावर कावळा ओरडत होता, कोपऱ्यावरच्या ठेल्यावर कुणीतरी चहासाठी आलं कुटत होतं. मग खालून हळूहळू ऊब आली, आणि उबेच्याही आधी आणखी काहीतरी आलं. वास. कोऱ्या कापडातली खळ तापून तिचा भाताच्या पेजेसारखा, ओलसर, किंचित आंबूस वास वर आला. स्टिअरिंगपाशी बसून हा वास त्याच्या नाकापर्यंत कधी पोचला नव्हता. फटींतला वारा तिकडे सगळं उडवून न्यायचा. दाराच्या या आडोशाला मात्र तो दाटून राहिला होता, आणि चंद्रभान डोळे मिटून थेट गोळीबार चौकाच्या मागच्या त्या घरात जाऊन बसला.

तेव्हा तो जेमतेम विशीचा होता, उमरेडहून मामाबरोबर मुलगी बघायला आलेला. पौषाची थंडी. मागाच्या खड्ड्यातून ओल वर चढत होती, आणि प्रेमिलाचे बाबा पाय खाली सोडून हातातलं चार बोटं विणून संपवत होते, पाहुणे आले म्हणून धोटा मध्येच थांबवायची रीत त्या घरात नव्हती. चंद्रभान जवळच्या चटईवर अवघडून बसला होता. तेवढ्यात आतून एक मुलगी आली, वाकली आणि खड्ड्यात बाबांच्या पायांशी निखाऱ्यांचं घमेलं सोडू लागली. गल्लीतल्या घराघरांत थंडीत हे असंच चालायचं: वर माग, खाली निखारे, नाहीतर विणकराचे पाय आखडून बसतात. त्या मुलीने घमेलं ठेवायच्या आधी एक केलं. डाव्या हाताची पाठ निखाऱ्यांवर धरली, क्षणभर थांबली, मान हलवली, वर चिमूटभर राख पसरली, पुन्हा हात धरला आणि मगच घमेलं बाबांच्या पायांजवळ सरकवलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याने तिचा चेहरा धड पाहिला नव्हता, पण तो हात पाहिला आणि परतीच्या वाटेवर मामाला म्हणाला की हीच. मामाने विचारलं, काय पाहिलंस रे? त्याला सांगता आलं नाही. पुढे घरात पोरीच्या आंघोळीचं पाणी, तिचं दूध, तापात त्याचं स्वतःचं कपाळ, सगळं त्या डाव्या हाताच्या पाठीने आधी तपासलं आणि मगच दुसऱ्याला लागू दिलं. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी भाजलं नाही. आणि तो हात आखडून बसल्यावर चंद्रभानने काय केलं, तर आपला तळवा पट्टीच्या मधोमध टेकवला आणि खूश झाला.

तो दाराकडे सरकला. लाल काठ त्याच्या डाव्या मांडीखाली आला. पँटच्या कापडातून आधी नुसतं कोमट, मग गरम, मग आणखी गरम. तो बसून राहिला. कुठे काय झालं हे त्याला शाळेतल्या गणितासारखं उलगडलं: काठ आवळताना दादाजीने तारेचे वळसे जवळजवळ आणून चिकटवले होते, ऊब सगळ्या पट्टीत पसरायची तर तिथे दाटून बसत होती. सैल काठ सोडणं दादाजीच्या सात पिढ्यांत नव्हतं, आणि काठ तपासणं चंद्रभानच्या डोक्यात नव्हतं. दोघांनी मिळून, जीव लावून, प्रेमिलाला भाजलं होतं. चटका बसला तेव्हा तो ताडकन उठला आणि त्याचं डोकं टपाला आपटलं. सहन होण्यासारखं नव्हतं ते. आणि ती त्यावर बसून हसली होती, गोष्टी सांगत होती. तो बटण बंद करायचं विसरून तसाच बाहेर आला आणि कडुनिंबाला टेकून उभा राहिला. डोळे पुसायला रुमाल काढला तर त्यात तिने सकाळी बांधून दिलेला तिळगुळाचा खडा निघाला.

कांताबाईने प्रेमिलाला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या, मलमाची डबी चंद्रभानच्या हातात कोंबली, आणि पुढच्या वेळी हे दिसलं तर तुमचीच मालिश करीन म्हणून आत निघून गेली. प्रेमिला गाडीच्या दाराशी उभी राहिली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. "कांताबाईले काही कळत नाही," ती म्हणाली. "एवढंसं तं आहे."

"तुले माहीत होतं?"

ती दार उघडू लागली.

"प्रेमिला, मी विचारून राहिलो. माहीत होतं का?"

"परकराले डाग लागला होता," ती म्हणाली. "दुखलं नाही मले. देवाशप्पत नाही दुखलं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी काढून टाकलं असतं."

चंद्रभान वाकला. बैठकीखालच्या नाड्यांना त्याने असे हिसके दिले की एक तुटली. पट्टी उपसून त्याने मधल्या जागेवर फेकली, ती पान उलटावं तशी उलटून पडली, लाल काठ स्टिअरिंगच्या बाजूला. तारा अजून जोडलेल्याच होत्या, बटण लोंबत होतं. "दर खेपेले विचारलं मी तुले," तो म्हणाला, आणि आवाज रस्त्यावर ऐकू जाईल एवढा झाला. "दर खेपेले. अन् तू म्हणे छान, तू म्हणे मस्त. तुले लागतच नव्हतं काही, तं काय छान होतं? माह्या कोडकौतुकासाठी मांडी जाळून घेतली?"

प्रेमिलाने उजव्या हाताने डावी मूठ उचलून पदराखाली घेतली. ती चिडली की असंच करायची. "खोटं नाही बोलली मी," ती म्हणाली. "छानच लागे. खळीचा वास ये. डोळे मिटले का बाबा मागावर बसले दिसत, आई ताणा पसरून राहिली दिसे. मी दोन्ही हातांनी सुताच्या कांड्या भरून राहिली, असं दिसे." ती थांबली. "घरात बसलं का मी अर्धीच असतो असं वाटते मले. तिथं बसलं का पुरी वाटे. आता हे कसं सांगू तुमाले? तुमी इचारा गरम लागते का, मी सांगू का गरम नाही लागत, पण माय दिसते? येडी म्हटलं असतं."

"नसतं म्हटलं," चंद्रभान म्हणाला. तिला दाराशी बसवून, पाय आत घेऊन, दार लावून तो फेऱ्याने आपल्या बाजूला आला. आता ही पुन्हा गाडीत बसणार नाही, त्याच्या मनात आलं. पट्टीशिवाय थंडीत ती येणार नाही आणि पट्टीवर मी तिला बसू देणार नाही. हिवाळा असाच जाईल, सुटलेला अंगठा परत मुठीत जाईल, आणि घरात परत औषध, पाणी, जेवण. हाताचं दुःख होतंच, पण खरी भीती त्याला त्या शांततेची वाटली. त्याने स्टार्टर ओढला. गाडी नुसतीच खाकरली. पुन्हा ओढला, तेवढंही झालं नाही. मग त्याला लोंबणारं बटण दिसलं. ते चालूच होतं. तो झाडाला टेकून रडत होता तेवढ्या वेळात म्हाताऱ्या बॅटरीने होतं नव्हतं ते सगळं त्या पट्टीला देऊन टाकलं होतं. बटण बंद करून त्याने मागून हँडल काढलं आणि पुढे जाऊन नाकाडात घातलं. एक फेरा, दुसरा फेरा. गार पडलेलं इंजिन एकदा शिंकलं आणि बंद झालं. चोक कुणीतरी ओढून धरायला हवा होता, ती खुंटी सोडली की आपोआप आत जायची. चोक समोरच्या पाट्याच्या मधोमध, आणि धरायला माणूस एकच. प्रेमिला, तीही दाराशी, डावा हात पदरात. "राहू दे," तो म्हणाला, "कुणाले बोलावतो."

"थांबा," प्रेमिला आतून म्हणाली.

काचेतून त्याला दिसत होतं. तिने उजवा हात बैठकीवर रोवला आणि अंग उचलून थोडं सरकवलं. दम घेतला. पुन्हा सरकवलं. वाटेत पट्टी आली तशी ती थांबली. उजव्या हाताची पाठ तिने पट्टीवर धरली, इकडून तिकडे फिरवली, काठाशी क्षणभर ठेवली. पट्टी निवली होती. मान हलवून ती तिच्यावर सरकली आणि चोकची खुंटी पकडून ओढली. "फिरवा," ती म्हणाली. हाताची ती पाठ बघून चंद्रभानच्या हातातलं हँडल निसटता निसटता राहिलं. त्याने दोन्ही हातांनी फेरा दिला, आणि हत्ती जागा झाला.

तो येऊन बसला तरी प्रेमिला मधेच होती. खुंटी तिने हळूच आत जाऊ दिली, पण सरकली नाही. गिअर टाकताना त्याचं कोपर तिच्या दंडाला लागलं आणि पंचवीस वर्षांच्या संसारानंतरही तो लाजला. दिवसाढवळ्या, धंतोलीच्या रस्त्यावर, लेकीचं लग्न झालेले दोघे खेटून बसलेले. चौकातल्या पोलिसाने बघितलं, रिक्षावाल्यांनी तर वळून बघितलं. "लोक पाहून राहिले," तो म्हणाला. "पाहू द्या," प्रेमिला म्हणाली. "मी लुळी आहे, मले काय कोण म्हणते?" आणि ती खुदकन हसली. मानकापूर मागे पडल्यावर वाऱ्याचा जोर वाढला. तिने हात पुढे केला. "बटन माह्याजवळ द्या." त्याने बघितलं. "द्या ना. मले समजते या बाजूनं." गाडी धावून धावून बॅटरीत थोडा जीव आला होता. त्याने बटण तिच्या हातात दिलं. तिने ते दाबलं, मांडीवर ठेवलं, आणि हाताची पाठ पट्टीवर टेकवून वाट बघू लागली.

कोराडीच्या तलावावरून पाणकोंबड्या उडाल्या. मग खळीचा तो वास आला, या वेळी दोघांना. प्रेमिलाची उजवी मांडी पट्टीवर होती, तिची बोटं चाचपत होती. "लागून राहिलं," ती म्हणाली.

"काय?"

"गरम."

चंद्रभानने रस्त्यावरची नजर काढली नाही. आठवड्यांमागून आठवडे त्याने विचारलं होतं आणि तिने छान म्हटलं होतं, मस्त म्हटलं होतं, बरं म्हटलं होतं. गरम हा शब्द आज पहिल्यांदा आला. लाल काठ आता त्याच्या डाव्या मांडीखाली होता आणि तापायला लागला होता, पण ती बोलत होती, तिला गरम लागत होतं, आणि या क्षणी हलणं त्याच्या जिवावर आलं. पुलाचा उतार दिसू लागला. काठ चांगलाच पोळायला लागला. त्याने दात आवळले.

"तुमाले चटका बसून राहिला ना?" प्रेमिलाने विचारलं.

"नाही. छान आहे."

ती त्याच्याकडे वळली. तिने पुरतं बघून घेतलं, त्याचे दात, त्याचं कपाळ, उचललेली मांडी. मग खट् करून बटण बंद केलं. "आता कळलं," ती म्हणाली, "छान कसं निघते तोंडातून?" चंद्रभानने मान हलवली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून ते तसंच वाहू दिलं. "भाजलं तं सांगत जा," ती म्हणाली. "मीबी सांगन. अन् दादाले सांगा, काठ सैल ठेव म्हणा एकडाव. त्याले जड जाईन, पण बहिणीसाठी ठेवन."

पुलावर वारा फटींतून आत आला, नदीचा सगळा गारवा घेऊन. प्रेमिला आणखी जवळ सरकली. डावी मूठ तिने पदरातून काढून त्याच्या मांडीवर ठेवली, काठाने जी पोळली होती तिच्यावरच. मुठीला ते कळत नव्हतं, पण ती बर्फासारखी गार होती. "थंडी वाजून राहिली," ती म्हणाली.

"मंग लाव," चंद्रभान म्हणाला, आणि काठावरून थोडा सरकून बसला.

तिने बटण दाबलं.